वेठीचं शुद्धिपत्र

शांतवनकाका,

चूक पान सहावर आहे, वरून अकरावी ओळ. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, ती तुम्हीच दाखवली होती. पण आमच्या घरी एक नियम आहे. छापून चूक केली तर छापूनच कबूल करायची, तोंडी माफी चालत नाही. नागपुरात माझे बाबा पत्रकं आणि पुस्तिका छापतात. मी अक्षरं शिकले तीच त्यांच्या प्रुफांवर. एखाद्या पुस्तिकेत चूक राहून गेली की आम्ही भावंडं जमिनीवर फतकल मारून बसायचो आणि शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या खळीनं एकेका प्रतीला चिकटवायचो. चिठ्ठी लहान अक्षरात छापायची नाही, असा बाबांचा हुकूम होता. चूक ज्या अक्षरात केली त्याच अक्षरात कबुली.

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. काल तुमच्या चर्चमध्ये तुमची स्मरणसभा झाली आणि तिथं ती पुस्तिका पुन्हा वाटली. ती कशी वाटली, कोणी काय म्हटलं, हे तुम्हाला कळायला हवं. आणि जे मी तुम्ही असताना तीन आठवडे बोलले नाही, तेही.

आपण भेटलो तेव्हाही चूक माझीच होती. पूल मेडोच्या बस स्टेशनवर मी फोनवर बाबांशी भांडत होते. कॉव्हेंट्रीत येऊन मला दोन महिने झाले होते, दिवसभर विमा कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचं आणि संध्याकाळी फोनवर नागपूरची प्रुफं. बाबा विचारत होते, मुलभूत की मूलभूत. मी ठासून सांगितलं, "पहिला मु ऱ्हस्व, बाबा, मी सांगते ना." मागून आवाज आला, "दोन्ही दीर्घ, पोरी. मूलभूत." वळून बघितलं तर डोक्याला लोकरी टोपी, हातात मेथीच्या जुड्यांची पिशवी, आणि चेहऱ्यावर गणिताच्या मास्तरांचं समाधान. मी म्हटलं, "तुम्ही कोण?" तर तुम्ही म्हणालात, "मी कोण ते राहू दे. आधी वडलांना सांग, नाहीतर छापतील."

मग बसमध्ये कळलं की तुम्ही नगरचे, नाव शांतवन, चाळीस वर्षांपूर्वी आलात, मोटारींच्या कारखान्यात दरवाजे बसवण्यात आयुष्य गेलं, काकू जाऊन सहा वर्षं झाली. नाव ऐकून मी विचारलं, "ख्रिश्चन?" तुम्ही म्हणालात, "तू बौद्ध." मी विचारलं, कशावरून. "मूलभूत हक्कांवर इतकं भांडणारी दुसरी कोण असणार?"

त्या शनिवारपासून मी फोलशिलला तुमच्या स्वयंपाकघरात येऊ लागले. तुम्ही ज्वारीची भाकरी थापायचे. इथल्या पिठाला चिकटपणा नाही म्हणून कुरकुरायचे आणि तरीही भाकरी टम्म फुगवायचे. मी नुसती बसून खायचे आणि वाद घालायचे. पहिला वाद मी दुसऱ्याच शनिवारी काढला. मला राहवलंच नाही. आपण दोघं एकाच गावकुसाबाहेरचे. तुमच्या पणजोबांनी एक वाट धरली, माझ्या आजोबांनी नागपुरात दीक्षा घेऊन दुसरी. मी म्हटलं, "काका, राग मानू नका, पण तुमच्या लोकांनी सुटायचं म्हणून गोऱ्यांचा धर्म घेतला. एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे."

तुम्ही रागावला नाहीत. तव्यावरची भाकरी उलटलीत, पीठ झटकलंत आणि म्हणालात, "गोऱ्यांचा? पोरी, हे गोरे अजून झाडांना नवस बोलत होते तेव्हा आफ्रिकेत बिशप लोक व्याकरणावरून भांडत होते."

मला ते खरं वाटलं नाही. मी तुम्हाला पुरावा मागितला, आणि तिथं फसले. पुढची दोन वर्षं तुम्ही मला पुरावाच देत होता.

तुम्ही जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचे. लायब्ररीनं काढून टाकलेला शाळेचा जुना ॲटलास होता तो. भूमध्य समुद्रावर बोट ठेवून म्हणायचे, "हा समुद्र समजू नकोस. हा गावातला ओढा. ह्या काठचे आणि त्या काठचे लोक रोज येतात जातात. आता सांग, चर्च कुठल्या काठाला मोठं झालं? सगळे उत्तरेकडे बघतात. तू दक्षिण काठ बघ." मग तुमचं बोट इजिप्तपासून निघून पश्चिमेला सरकायचं. अलेक्झांड्रियाची पाठशाळा, जिथं शास्त्र वाचायचं कसं हेच शिकवत. वाळवंटातले साधू, ज्यांच्याकडून युरोपनं मठ बांधायला शिकून घेतलं. कार्थेज, जिथं रोमच्याही आधी लॅटिनमधून ख्रिस्ती लिखाण सुरू झालं. हिप्पोचा तो बिशप, बर्बर आईचा मुलगा, ज्याच्या पानांवर सबंध युरोप हजार वर्षं वाचत बसला. मग बोट खाली नाईलच्या उगमाकडे: अक्सूमचा राजा, ज्यानं नाण्यावर क्रूस घातला. आणि त्याच्याही कितीतरी आधी, बायबलातला, वाटेनं रथात बसून मोठ्यानं वाचत चाललेला राणीचा हबशी खजिनदार. तो आला की तुम्ही न चुकता थांबायचे. "बघ. गोष्टीत पहिल्यांदा दिसतो तेव्हा काय करतोय? वाचतोय. आणि वाचलेलं कळलं नाही हे कबूल करतोय. हे दुसरं तुला जमत नाही."

तुमच्या आवडीची मात्र ती कार्थेजच्या तुरुंगातली तरुण मुलगी. अंगावर पितं लेकरू, धर्म सोडत नाही म्हणून मरण ठरलेलं, आणि ती तुरुंगात बसून लिहिते. बरोबर तिची सोबतीण, ती मात्र खरीच गुलाम, आठवा महिना. तुम्ही ह्या दोघींबद्दल शेजारच्या बायकांबद्दल बोलावं तसं बोलायचे. "बाप रोज येऊन रडायचा गं, पोरीपुढे हात जोडायचा. तिला काय कळत नसेल? पण नाही म्हणजे नाही." एकदा हे सांगता सांगता तुम्ही मला चहा ठेवायला सांगून मागच्या अंगणात जाऊन उभे राहिलात. मी धर्म न मानणारी मुलगी. त्या दिवशी चहा उतू जाईपर्यंत मी तुमच्या पाठीकडे बघत राहिले.

हे वेड तुम्हाला कुठून लागलं ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत. इंग्लंडातला तुमचा पहिला रविवार. कोट इस्त्री करून, नगरहून आणलेलं प्रार्थनेचं पुस्तक घेऊन तुम्ही जवळच्या चर्चमध्ये गेलात. प्रार्थना झाल्यावर पाद्र्यानं दारात तुमचा हात हातात घेतला आणि म्हणाला, आलात फार बरं वाटलं, पण पुढच्या रविवारी नाही आलात तर बरं, लोकांना सवय नाही. सोमवारी कारखान्यात तुम्ही हे शेजारी काम करणाऱ्या जमैकाच्या माणसाला सांगितलंत. तो हसला. त्यालाही त्याच दारात तेच सांगितलं होतं. त्याच्या घरी, पुढच्या खोलीत सात-आठ माणसं प्रार्थनेला जमायची. तुम्ही तिथं जाऊ लागलात, आणि त्या खोलीचंच पुढे चर्च झालं. तो माणूस आता नाही, पण त्याची बायको, सिस्टर व्हर्ना, अजून पहिल्या बाकावर बसते. तुम्ही म्हणालात, "त्या दारातून परत येताना मी ठरवलं, ह्या घराचे मूळ मालक कोण ते शोधायचं."

काका, मला त्या दिवशी त्या पाद्र्याचा इतका राग आला की मी पत्रक लिहायला घेतलं. तुम्ही कागद माझ्या हातातून काढून घेतलात. "तो मेला असेल आता. त्याच्यावर काय लिहितेस? लिहायचं तर मालकांवर लिही."

म्हणून पुस्तिका. नाव तुमचं, 'दक्षिण काठ'. बारा पानं. तुम्ही रेघी वहीत मराठीत लिहायचे, मी इंग्रजी करायची, कारण वाचणार होते तुमच्या चर्चमधले लोक, बहुतेक जमैका आणि बार्बाडोसचे. मुहूर्तही ह्याच वर्षाचा. गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या कायद्याला दोनशे वर्षं झाली म्हणून इथं लायब्ररीत, शाळांत, टीव्हीवर दुसरा विषय नव्हता. तुम्ही म्हणालात, त्याच्याही आधीचं काही असू दे लोकांच्या हातात.

आपण पानोपानी भांडलो. येशूचा वधस्तंभ वाहणाऱ्या कुरेनेच्या माणसाबद्दल मी लिहिलं होतं, 'एक काळा माणूस'. तुम्ही 'काळा'वर काट मारलीत. कुरेने आजच्या लिबियात. तिथं ग्रीक होते, यहुदी होते, बर्बर होते. तो दिसायला कसा होता हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी म्हटलं, "तुम्हाला तो काळा नकोय." तुम्ही म्हणालात, "मला तो पाहिजे तसा नकोय. होता तसा पाहिजे. आफ्रिकेतून आलेला होता, एवढं पुरत नाही का तुला?" मला पुरत नव्हतं. पण काट राहिली.

आता अकरावी ओळ. तुमच्या वहीतलं वाक्य साधं होतं. आफ्रिकेतल्या कुरेने गावचा एक माणूस शेताकडून शहरात येत होता, शिपायांनी त्याला वेठीस धरलं आणि येशूचा वधस्तंभ त्याच्या खांद्यावर दिला. पुढे त्याच्या दोन मुलांची नावं.

'वेठीस'वर मी बोट ठेवलं. मी विचारलं, हा शब्द तुमचा? तुम्ही म्हणालात, नाही, मराठी शास्त्रात हाच आहे, आम्ही लहानपणापासून हाच ऐकत आलो. "भाषांतर करणाऱ्या साहेबाच्या शेजारी कुणीतरी आपला माणूस बसला असणार. मूळ ग्रीक शब्दही बेगारीचाच आहे म्हणे, सरकारी टपाल वाहायला रस्त्यावरचा माणूस धरायचे तेव्हाचा. इंग्रजीत नुसतं 'भाग पाडलं' म्हणतात. आपल्याकडे शब्द तयार होता."

तयार होता. तयार असणारच. माझ्या आजोबांच्या पाठीवर तो शब्द होता.

त्याच दिवशी तुम्ही मला पेटीची गोष्ट सांगितलीत. तुमचे पणजोबा नगरच्या बाजूच्या एका खेड्यातले. एकदा रानातून येताना पाटलानं हटकलं आणि दौऱ्यावर आलेल्या मिशनरी साहेबाची पेटी त्यांच्या डोक्यावर दिली. तीन गावं पायी. मजुरी नाही, वाटेत भाकरी नाही. पेटीत छापील पत्रकं होती. तिसऱ्या गावात पेटी उघडल्यावर साहेबानं त्यातलं एक पान त्यांच्या हातावर ठेवलं. वाचता येत नव्हतं. त्यांनी ते पान पटक्यात खोचून ठेवलं, आणि कुणीतरी वाचून दाखवीपर्यंत वर्षं गेली. "आमच्या घराण्यात म्हणतात, आमच्या पूर्वजानं सुवार्तेला मदत केली."

"मदत?" मी म्हटलं. "त्यांनी नाही म्हटलं असतं तर?"

"पाटलानं फोडला असता."

"मग मदत कशी म्हणता?"

तुम्ही काठवटीतलं पीठ गोळा करत राहिलात. मग म्हणालात, "मग काय म्हणू? माझ्या पणजोबाची एवढीच गोष्ट आहे माझ्याकडे. ती नुसती फोडण्याची करू?"

उत्तर नसलं की मी आवाज चढवते. मी म्हटलं, तुम्ही लोक जुलमाला मऊ नावं देता म्हणून जुलूम टिकतो. तुम्ही म्हणालात, "तुम्ही लोक?" आणि मी जिभेवर आलेलं गिळलं, पण निघायची वेळ होईपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

आणि मग मी ते वाक्य इंग्रजीत केलं. 'वेठीस धरलं'ला शब्द मिळेना. 'भाग पाडलं' पचपचीत. तुमचं म्हणणं, 'वधस्तंभ वाहायला मदत केली' असं कर, लोकांना कळेल. ते मला लबाडीचं वाटलं. मी लिहिलं, शिपायांनी त्याला गुलाम केलं. स्लेव्ह. तो शब्द लिहिताना मला बरं वाटलं, काका. खरं सांगते. एकदाचं कुणीतरी स्पष्ट बोललं असं वाटलं.

प्रुफात तुम्ही तो शब्द पकडलात. फोन केलात. "पोरी, अकरावी ओळ. तो गुलाम नव्हता गं. गुलाम त्या तुरुंगातली दुसरी मुलगी. आपण पान आठवर लिहिलंय. हा पाहुणा माणूस. सणाला आलेला, घरदार असलेला."

मी म्हटलं, "ज्याला नाही म्हणता येत नाही तो गुलामच."

"मग तुझे आजोबा गुलाम होते का?"

मी म्हटलं, "हो."

तुम्ही म्हणालात, "त्यांना विचारलं असतंस का हे, तोंडावर?"

मी फोन ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी, तुम्हाला न विचारता, तसंच छापायला दिलं. हे माझं कृत्य. ह्यात तुमची काही चूक नव्हती. पुस्तिकेवर मात्र नाव तुमचं होतं.

रविवारी चर्चनंतर हॉलमध्ये प्रती वाटल्या. मी नेहमीसारखी आत प्रार्थनेला न बसता बाहेर चहाच्या टेबलाशी होते. सिस्टर व्हर्ना पुस्तिका उभ्या उभ्या वाचत होती. तिची नव्वदीकडे झुकलेली बोटं ओळीखालून फिरत होती. सहाव्या पानावर बोट थांबलं. ती चालत माझ्याकडे आली आणि पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली.

"हे शांतवननं लिहिलं नाही," ती म्हणाली.

"इंग्रजी माझं आहे."

"वाटलंच मला. बेटा, जानेवारीपासून जिथं जाते तिथं मला साखळ्या दाखवतात. लायब्ररीत साखळ्या, शाळेत नातवाच्या वहीत साखळ्या. दाखवा, ते खरंच आहे. पण तो माणूस स्वतःच्या पायानं शहरात आला होता. एका पानावर तरी आम्हाला आपल्या पायानं येऊ दे की."

तुम्ही दोन हातांवर, चहाचा कप धरून उभे होता. तुम्ही सगळं ऐकलंत. आणि तिला म्हणालात, "माझ्या नजरेतून सुटलं, सिस्टर. चूक माझी."

त्याचा मला सर्वांत जास्त राग आला. तुम्ही माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेतलीत आणि मला भांडायलाही जागा ठेवली नाहीत. मी कोट घातला आणि निघून गेले. मग तीन शनिवार आले नाही. पहिल्या आठवड्यात तुमचा व्हॉइसमेल आला, मेथी आणली आहे, एकट्याला जास्त होते. दुसऱ्या आठवड्यात, हवा गार झाली आहे, टोपी घालत जा. तिसऱ्यात काहीच नाही. मी ठरवलं होतं, चौथ्या शनिवारी जायचं. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यातही निम्मं भांडणच होतं.

मंगळवारी रूथचा फोन आला. तुमची मुलगी माझ्याशी नेहमी इंग्रजीत बोलते. त्या दिवशी ती मराठीत बोलली, इथं जन्मलेल्या मुलांसारखं, लिंगांची गल्लत करत. "पप्पा गेली," ती म्हणाली. "सकाळी. झोपेतच." मला वाटलं, कुठे गेली, कोण गेली. कळायला दोन क्षण लागले. नंतर ती म्हणाली की स्मरणसभेत तुमची पुस्तिका वाटायची आहे, उरलेल्या प्रती तुझ्याकडे आहेत ना?

होत्या. दीडशे, सगळ्या चुकीच्या.

मी सिस्टर व्हर्नाकडे गेले. शुद्धिपत्र करायचं तर जिनं चूक परत केली तिच्यासमोर करावं, असं वाटलं. तिच्या जेवणाच्या टेबलावर तिनं प्रती रचल्या, दहा-दहाचे गठ्ठे. मी इंग्रजी शब्दांची यादी नेली होती. भाग पाडलं, ओढलं, पकडलं, सक्ती केली. ती एकेक ऐकून मान हलवत होती.

"तुमच्या भाषेत काय लिहिलं होतं त्यानं?"

मी सांगितलं, वेठ. तिनं अर्थ विचारला. आणि मी सांगू लागले. घर असलेला माणूस, शेत असलेला माणूस. आपल्या कामानं वाटेनं चाललाय. सत्ता असलेला कुणीतरी हाक मारतो आणि डोक्यावर ओझं देतो. विचारत नाही. मजुरी नाही. नाही म्हणायची सोय नाही. काम झालं की माणूस आपल्या घरी जातो.

"घरी जातो," ती म्हणाली.

"हो. म्हणून गुलामी नाही. आणि विचारलं नव्हतं म्हणून मदत नाही."

सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, काका, की दोन महिने आपण दोघं ज्यावरून भांडत होतो ते तुमच्या वहीत पहिल्या दिवसापासून बरोबर लिहिलेलं होतं. तुम्ही मराठीत लिहिलं तेव्हा तुम्ही चुकला नव्हता. इंग्रजीत जाताना तुम्ही एका बाजूला घसरलात, मी दुसऱ्या. तुम्हाला पणजोबांचा मान राखायचा होता, मला आजोबांचा सूड घ्यायचा होता. त्या कुरेनेच्या माणसाला कुणी विचारलंच नाही, पुन्हा एकदा.

सिस्टर व्हर्ना म्हणाली, "मग तोच शब्द लिही. तुमच्या अक्षरात."

"कुणाला कळणार?"

"कुणाला नाही. म्हणून ते विचारतील. तू दारात उभी राहा आणि सांग. माझी आजी सांगायची, रस्त्यानं जाताना साहेबाचा घोडा दिसला की बायका उसात लपायच्या. कशासाठी ते तिनं कधी सांगितलं नाही, आमच्याकडे शब्द नव्हता त्याला. लिही. मी गोंद आणते."

शुद्धिपत्रात तीन ओळी आहेत. पान सहा, ओळ अकरा, 'गुलाम केलं' ऐवजी 'वेठीस धरलं' असं वाचावं. चूक अनुवाद करणारीची आहे, लेखकाची नाही. मधला शब्द देवनागरीत. अक्षर पुस्तिकेच्याच आकाराचं. दीडशे चिठ्ठ्या आम्ही दोघींनी दुपारभर चिकटवल्या. ती मध्ये मध्ये गाणं गुणगुणत होती, आणि माझी चिठ्ठी तिरकी गेली की काही न बोलता सरळ करत होती.

काल मी दारात उभी राहिले. अडीच वर्षांत ज्या दाराच्या आत मी बसले नाही, तिथं मी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पुस्तिका दिली, आणि सिस्टर म्हणाली होती तसंच झालं. प्रत्येक जण चिठ्ठी बघून विचारत होता, हे काय लिहिलंय. मी सांगत होते. पहिल्या दहा जणांना घाईघाईनं, शिपाई आणि सत्ता ह्यांवर जोर देऊन. मग एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून थांबले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मग त्याच्या मुलांची नावं कशी टिकली?" मी म्हटलं, घरी जाऊन त्यानं सांगितलं असेल. ते म्हणाले, "हां," आणि आत गेले. त्यानंतर मी प्रत्येकाला तेवढं जास्त सांगू लागले. ते तुमचं वाक्य आहे. तुम्ही ते कितीदा तरी बोलला होता आणि मी ते दरवेळी खोडून काढलं होतं. पटलं म्हणून सांगत होते असं नाही. 'मदत' मी आजही मान्य करणार नाही, तुम्ही समोर असता तर आत्ताही भांडले असते. पण त्या वाक्याशिवाय गोष्ट अर्धी राहते, हे मला दारात उभं राहून कळलं. तुम्ही असताना कळलं नाही, ह्याला शुद्धिपत्र नाही.

सभा झाली. लोक हॉलमध्ये जेवायला गेले. रूथ सगळ्यांत शेवटी बाहेर आली. काळा कोट, हातात पुस्तिका. तिनं चिठ्ठीवर बोट ठेवलं. तिला देवनागरी वाचता येते, अक्षर अक्षर जोडून, तुम्हीच शिकवलेलं.

"वे-ठी-स," ती म्हणाली. "वेठ. तो वेठ की ती वेठ?"

"ती."

"सगळ्यांना सांगितलास. मला पण सांग."

मी सांगितलं. कुरेनेचा माणूस, शेत, शिपाई, ओझं, घर. आणि सवयीनं पुढे म्हणाले, तुझ्या पप्पांच्या पणजोबांचं झालं तसंच.

रूथनं वर बघितलं. "कुणाचा?"

तुम्ही तिला सांगितलं नव्हतं. चाळिशीकडे आलेली तुमची मुलगी, आणि पेटीची गोष्ट तिला माहीत नव्हती. मला वाटतं मला कळलं का ते. तिच्याशी तुम्ही इंग्रजीत बोलायचे, आणि इंग्रजीत त्या गोष्टीला एक तर 'मदत' म्हणावं लागलं असतं, नाहीतर मी म्हटलं ते. तुम्हाला मुलीपुढे दोन्ही नको होतं. माझ्याजवळ तुम्ही ती सांगितलीत कारण माझ्याजवळ तो शब्द होता, आणि मी त्या शब्दानं तुम्हालाच मारलं.

दारातच, थंडीत, मी तिला सांगितलं. रान, पाटील, साहेबाची पेटी, तीन गावं. पटक्यात खोचलेलं पान. 'मदत' म्हटलं नाही, गुलामही म्हटलं नाही. रूथ पुस्तिका छातीशी धरून उभी होती. आतून कुणीतरी तिला जेवायला हाक मारली. तिनं हात वर करून थांबायला सांगितलं.

"परत सांग," ती मला म्हणाली. "हळू सांग. मराठीतच."